मी फक्त भिंतींची तुलना केली होती

...आणि वर तो डॉक्टर मला विचारतो, "कशाने लागलं?" आता काय सांगू त्याला? अहो, डोक्यातून रक्ताची धार चाललीय, शर्टाची एक बाही मखमलाबादच्या चिखलात राहिलीय, एका पायात माझी चप्पल आहे आणि दुसऱ्या पायात... दुसऱ्या पायात कुणाची आहे देव जाणे, पण लेडीज आहे! आणि हा शांतपणे पेन उघडून विचारतो, कशाने लागलं! मी म्हटलं, "डॉक्टर, तांब्याने." म्हणाला, "फक्त तांब्याने?" म्हटलं, "नाही, तांब्या डोक्याला. कानाला थोरल्या मेहुण्याचा हात, पाठीला धाकट्या मेहुण्याचा गुडघा, आणि हे पोटरीवर लाल-निळं दिसतंय ना, ते सासूबाई." पेन खाली ठेवलं हो त्याने! म्हणाला, "असं केलंत तरी काय तुम्ही?" आणि तुम्हाला सांगतो, अगदी गळ्याशी चिमूट धरून सांगतो, मी काही म्हणजे काही केलं नव्हतं. मी फक्त तुलना केली होती!

कसली काय? भिंतींची! हसू नका. मी तंत्रनिकेतनात स्थापत्य शिकवतो, माझं पोटच भिंतींवर आहे. दोन हजार सहा साली आमच्या प्राचार्यांना सेमिनारचं वेड लागलं आणि मला फर्मान आलं, "ललितराव, पेपर वाचायचा." विषय काय? 'संरक्षक भिंतींच्या विविध प्रकारांच्या जीवनचक्र-शाश्वततेचा तौलनिक अभ्यास.' ऐकतानाच दम लागला ना? मला तर टाईप करताना लागायचा. पण साधं आहे हो! चढावरची माती खाली घसरू नये म्हणून जी भिंत घालतात ती संरक्षक भिंत. कुणी ती काँक्रीटची घालतं, कुणी नुसते दगडावर दगड रचून, कुणी तारेच्या जाळीच्या पेट्या करून त्यांत दगड भरतं... गॅबियन म्हणतात त्याला, घाटात बघितलं असेल तुम्ही, दगड पकडून पिंजऱ्यात घातल्यासारखे दिसतात. तर यांतली कुठली भिंत जन्मापासून मरेपर्यंत पृथ्वीला कमी छळते? सिमेंट भाजायला कोळसा किती जळला, दगड आणायला ट्रक किती पळाला, भिंत उभी किती राहिली, दुरुस्ती किती मागितली, आणि मेल्यावर तिचा राडारोडा कुणाच्या उरावर पडला. बस्स! यात माणसाला हाणण्यासारखं काय आहे, मला दाखवा!

पण आमच्या सविताने ते टाईप केलेले कागद वाचले. सविता म्हणजे माझी बायको, मखमलाबादची, फुलमळेवाल्या माळ्यांची मुलगी. म्हणाली, "एवढा अभ्यास केलाय ना? मग जगाचं नंतर बघा, आधी माझ्या भावांची भिंत सोडवा. एक दिवस एकमेकांचे जीव घेतील ते."

आता तिथली परिस्थिती तुम्हाला सांगतो. मळा एकच, पण उताराचा. वरचा तुकडा थोरल्या भिमाजीचा, त्यात शेवंती. खालचा तुकडा धाकट्या गोरक्षचा, त्यात कोथिंबीर, मेथी, आणि अगदी उताराच्या पायथ्याशी गोरक्षचं घर. दोन्हींच्या मध्ये, गोरक्षच्या घराला लागूनच, सासऱ्यांनी हयातीत रचलेली दगडी ताल, म्हणजे माती अडवणारा बांध. नुसते दगड, सिमेंटचा थेंब नाही. सासूबाई म्हणजे चिमणाबाई, त्या झोपतात धाकट्याकडे, जेवतात थोरल्याकडे आणि ओरडतात दोघांवर. सगळं ठीक चाललं होतं हो! पण त्या पावसाळ्यात ती ताल मधोमध बसली. बसली म्हणजे काय, वरची माती, दगड आणि भिमाजीची शेवंती असा सगळा लवाजमा थेट गोरक्षच्या मोरीत उतरला. सगुणावहिनी, म्हणजे गोरक्षची बायको, भांडी घासायला बसणार होती तिथे. पातेलं आणायला आत गेली म्हणून वाचली. नुसती कल्पना करा!

तेव्हापासून दोघं भाऊ भिंतीवरून भांडतायत. भिंत घालायची यावर एकमत. कुठली घालायची यावर डोकी फुटायची वेळ.

रविवारी सकाळी आम्ही गेलो. मी चांगला तक्ता बनवून नेला होता. रंगीत! काँक्रीट लाल, गॅबियन हिरवं, कोरडी दगडी पिवळी. भिमाजीच्या ओट्यावर खुंटीला टांगला. समोर सगळं कुटुंब. भिमाजी म्हणजे तुम्हाला सांगतो, माणूस नाही तो, बुलडोझर आहे, मान नावाची गोष्ट देवाने दिलेलीच नाही. मला बसायलासुद्धा दिलं नाही, लगेच सुरू, "दाजी, तुम्ही शिकलेले आहात, सांगा या येड्याला. काँक्रीटची भिंत. पातळ, सरळ उभी, विषय कट!"

गोरक्ष तसा किडकिडीत, पण तोंड आगगाडी. "आन् पाणी कुढून जाईल? तू शेवंतीला पाजलेलं समदं पाणी भिंतीमागं तुंबलं म्हंजे? आख्खी भिंत माझ्या पोरांच्या अंगावर यील! जाळीचीच घालायची, तिच्यातून पाणी झिरपून जातं."

"जाळीची भिंत म्हंजे हत्ती बसवल्यावानी! रुंदी पाह्यली का तिची? माझे वाफेच्या वाफे खाईल ती!"

"तुला वाफे दिसत्यात, माझी पोरं नाय दिसत?"

आणि दुर्दैव बघा, दोघंही बरोबर बोलत होते! एक जण चूक असता तर मी वाचलो असतो. तरी मी शांतपणे छडी घेतली, तक्त्यावर ठेवली आणि म्हटलं, "आपण भावनेत न जाता जीवनचक्र पाहू. काँक्रीट. यात सिमेंट आणि लोखंड. दोन्ही तयार करताना प्रचंड कोळसा जळतो, धूर होतो. आणि भिंत मेली की तुकड्यांचं करायचं काय? उलट गॅबियन. दगड तर आपल्याकडे पडलेलेच आहेत..."

गोरक्षने शिट्टी मारली हो! पोळ्याला बैल पळवताना मारतात तशी! आणि मला तांब्या दिसलाच नाही. फक्त ऐकू आला. ठण्ण! मला वाटलं मंदिरात घंटा वाजली. मग कळलं, घंटा मीच आहे. भिमाजी उभा, हात अजून हवेत, "आमचंच खाऊन आमचीच भिंत पाडता का, दाजी?" अहो, अजून खाल्लं काय होतं? चहासुद्धा आला नव्हता! मी फक्त तुलना केली होती!

आता शहाणा माणूस इथे थांबला असता. पण मी मास्तर! एक बाजू मांडली की दुसरी मांडल्याशिवाय जीभ आत जात नाही. कपाळावर रुमाल दाबून म्हटलं, "थांबा, थांबा! गॅबियनचेही दोष आहेत. तार गंजते. पेटी फुगते. आणि जागा जास्त लागते हा भिमाजींचा मुद्दा शास्त्रीयदृष्ट्या अगदी..."

झालं. गोरक्षने माझी कॉलर धरली. "पलटी मारली? तांब्या बसला का पलटी?" आणि शर्टाची बाही त्याच्या हातात! भिमाजी धावला. मला वाटलं मला सोडवायला धावला. कुठलं! त्याने गोरक्षवर उगारलेला हात, गोरक्ष खाली वाकला, आणि तो हात माझ्या कानावर. कानात अशी शिट्टी वाजायला लागली की एकलहऱ्याच्या वीजकेंद्राचा भोंगा वाजतोय असं वाटलं. मी ओरडलो, "अहो, मी तटस्थ आहे!" तटस्थ! त्या ओट्यावर तो शब्द कुणाला ठाऊक होता?

मग ते दोघं जुंपले ते जुंपलेच. ओट्यावरून अंगणात, अंगणातून शेवंतीत. भिमाजीने फुलांची भरलेली पाटी गोरक्षच्या डोक्यात उलटी घातली आणि वरून बुक्क्या मारल्या. गोरक्षने पाटीतूनच त्याच्या दंडाला चावा घेतला. चावा! दोन मुलांचा बाप! रक्त आलं हो, आणि त्या रक्ताला पिवळ्या पाकळ्या चिकटल्या. प्रतिभावहिनी, म्हणजे भिमाजीची बायको, फुलं वेचत किंचाळतेय, "उद्याचा माल हाये तो, उद्याचा माल!" सगुणावहिनी खालून मातीची ढेकळं मारतेय, नेम भिमाजीवर, लागतायत मला. आणि सविता, माझी सख्खी बायको, ती माझा तक्ता गुंडाळून माझ्याच पाठीत हाणतेय, "काय गरज होती दोन्ही बाजू सांगायची?" अगं, तूच आणलंस ना मला! मी फक्त तुलना...

तेवढ्यात गोरक्षच्या हाताला पहार लागली.

आता थांबा. इथवर मी पण मनातून म्हणत होतो, भावाभावांचं आहे, शमेल. पण पहार म्हणजे पहार असते. आणि त्याच्या डोळ्यांत, तुम्हाला सांगतो, काही म्हणजे काही नव्हतं. भाऊ नव्हता, मी नव्हतो, कुणीच नव्हतं. मी उडी मारून पहारीला लोंबकळलो. दोन्ही हातांनी. त्याने मला झटकायला पाठीत गुडघा घातला, माझा श्वास तिकडेच राहिला, पण पहार मी सोडली नाही. तसेच आम्ही तिघं ओढत, ढकलत, शिव्या देत थेट ताल जिथे फुटली होती त्या काठावर.

आणि लाईट आली.

त्या वर्षी लोडशेडिंग आठवतं ना? लाईट कधी जाईल, कधी येईल, नेम नाही. म्हणून शेतकरी मोटारीचं बटण कायम चालू ठेवायचे. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. भिमाजीच्या विहिरीवरची मोटार सुरू झाली. पाटाने पाणी निघालं. आणि तो पाट पुढे कुठे जायचा? ताल फुटली तिथेच तुटला होता! सगळं पाणी त्या काठच्या भेगेत उतरायला लागलं. आणि भेगेवर उभे आम्ही, दोन कुस्तीगीर आणि एक स्थापत्याचा प्राध्यापक!

मला पायाखाली आधी बारीक खडे गळताना ऐकू आले. टप, टप, टप. मी हातातली पहार टाकली, बोंबललो, "बाजूला व्हा! माती सुटतेय!" भिमाजी म्हणतो कसा, "दाजी, तुमची तुलना गेली खड्ड्यात!" आणि तुम्हाला सांगतो, त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत आम्ही सगळेच खड्ड्यात!

आवाज फार मोठा नव्हता. म्हशीने सुस्कारा टाकावा तसा. काठ बसला. भिमाजी आणि मी वरच्या अंगाला होतो, ओल्या मातीवरून घसरत गेलो आणि अर्ध्यात अडकलो. गोरक्ष खालच्या अंगाला होता. तो दिसेना. मग दिसला. छातीपर्यंत मातीत, दोन्ही हात वर, तोंड उघडं आणि त्या तोंडातून आवाज नाही. आगगाडीसारखं बोलणारा माणूस हो तो! आणि वरून पाणी येतच होतं, त्याच्या गळ्याशी चिखल चढत होता, आणि मागे राहिलेली ताल, जुने मोठे दगड, एकेक करून हलत होते.

भिमाजीने वरून उडी टाकली. कुदळ नाही, फावडं नाही, दोन्ही हातांनी माती उपसायला लागला. नखं उलटी झाली त्याची, मी पाहिली. आणि तोंडाने काय चाललं होतं? "मरायचं नाय! सांगून ठेवतो, मरायचं नाय! मेला तर जीव घीन तुझा!" गोरक्षला श्वास फुटला. पहिला शब्द काय? "मोटार... मोटार बंद कर ना, येड्या!" सविता धावली. साडी खोचून विहिरीपर्यंत पळाली आणि फ्यूजच उपटला तिने. पाणी थांबलं.

मग भिमाजी गोरक्षच्या पायावरच्या मोठ्या दगडाला भिडला, खालून ओढायला. तेव्हा मात्र मी त्याचं बखोट धरलं. कसं धरलं मला माहीत नाही. म्हटलं, "खालचा हलवलास तर वरचे त्याच्या डोक्यावर येतील. वरून काढ. एकेक. मी सांगतो तो." आणि तो बुलडोझर, तुम्हाला सांगतो, लहान मुलासारखा ऐकायला लागला. मी दाखवायचो, तो उचलायचा. हा. आता हा. नाही, तो राहू दे, तो आधार आहे. सासूबाई वर काठावर उभ्या, निघालेला एकेक दगड मोजतायत.

निघाला. नडगीचं हाड मोडलेलं, अंग चिखलाने काळं, पण निघाला. भिमाजीने त्याला मांडीवर घेतला. गोरक्षने डोळे उघडले, भावाकडे नीट पाहिलं आणि जी काडकन् थोबाडीत दिली म्हणता! भिमाजीने पण उलट एक ठेवून दिली, आणि मग तो त्याला छातीशी धरून ओक्साबोक्शी रडायला लागला. तो रडतोय, गोरक्ष विव्हळतोय आणि शिव्या घालतोय, आणि मी बघतोय... मलाही भरून आलं हो. इतक्यात सासूबाई बांबू घेऊन उतरल्या. पहिला भिमाजीला. दुसरा गोरक्षला, मोडका पाय सोडून. आणि तिसरा माझ्या पोटरीवर! म्हटलं, "आई, मला का? मी फक्त तुलना केली होती!" म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही शिकलेले ना? मग तुम्हाला दोन पाह्यजेत." आणि चौथा!

तर असे आम्ही दवाखान्यात. माझ्या डोक्याला टाके, भिमाजीच्या बोटांना पट्ट्या, गोरक्ष प्लास्टरमध्ये पाय टांगून. मला वाटलं, चला, भिंतीचा विषय निदान आता तरी मिटला. संध्याकाळी भिमाजी गोरक्षच्या खाटेशी बसला. त्याचं पांघरूण नीट केलं. मग म्हणाला, "जाळीचीच घालू. गेले वाफे तर गेले."

गोरक्ष म्हणाला, "नाय. काँक्रीटची घाल. पाण्याला भोकं ठेव म्हंजे झालं. तुझी जमीन कशाला जाती?"

"जाळीची म्हनलो ना मी!"

"काँक्रीटची! माझ्यापायी तुझं नुसकान नको!"

"मोठा कोण हाये? जाळीची!"

"माझा पाय मोडला म्हनून दादागिरी करतो का? काँक्रीट!"

अहो, उशी आली! गोरक्षने फेकलेली उशी भिमाजीला, भिमाजीने फेकलेला पेला गोरक्षला, सलाईनचा स्टँड आडवा, शेजारचा म्हातारा पेशंट खाटेखाली! सकाळी एकमेकांच्या जिवावर उठलेले आणि संध्याकाळी एकमेकांच्या भल्यासाठी मारामारी! आणि मग दोघंही थांबले, आणि दोघांनी एकदम माझ्याकडे मान वळवली. "दाजी, तुम्हीच सांगा!"

मी दाराकडे पाहिलं. दारात नर्स, धिप्पाड. म्हटलं, आता मरणच यायचं तर उत्तर देऊन येऊ दे. म्हटलं, "जाळीची. तालीचे पडलेले दगड तिथेच आहेत, तेच पेट्यांत भरा, बाहेरून ट्रक नको. पाणी आरपार जाईल. एखादी पेटी फुगली तर तेवढीच बदला. रुंदी लागेल, ती अर्धी भिमाजींच्या वाफ्यातून, अर्धी गोरक्षच्या अंगणातून. संपलं. आणि कृपा करून मला दुसरी बाजू विचारू नका!"

भिमाजी म्हणाला, "आवो, हे सकाळीच का नाय सांगितलं?" आणि प्रेमाने पाठीत असा धपाटा घातला की एक टाका उसवला.

भिंत झाली. दोन्ही घरांनी मिळून पेट्या भरल्या. गोरक्ष प्लास्टर लावून खुर्चीत, आणि तिथून भिमाजीवर डाफरतोय, "आरं, चपटा दगड पुढं लाव, डोळे फुटले का?" आणि भिमाजी मुकाट्याने लावतोय. माझाही पेपर झाला. डोक्याला पट्टी बांधून वाचला. अध्यक्ष म्हणाले, अभ्यास उत्तम, पण सामाजिक परिणामांचा भाग जरा कच्चा वाटतो. मी त्यांना पोटरी दाखवणार होतो.

मग भिंत पुरी झाल्याचा नारळ फुटला त्या दिवशी आम्हाला जेवायला बोलावलं. नव्या भिंतीच्या सावलीत पंगत. दोन्ही भाऊ मांडीला मांडी लावून, सासूबाई मधोमध, असं दृश्य वर्षानुवर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. मी पुरणपोळीचा घास घेतला, डोळे मिटले आणि अगदी मनापासून म्हणालो, "वा! काय झालीय पोळी!"

ताटाशी पावलं येऊन थांबली.

डोळे उघडले. ताटात दोन पोळ्या. एक प्रतिभावहिनीच्या घरची, एक सगुणावहिनीच्या घरची. आणि दोघी समोर उभ्या. एकीच्या हातात लाटणं, दुसरीच्या हातात उलथनं. प्रतिभावहिनी गोड हसून म्हणाली, "कोंची हो, दाजी?"

सगुणावहिनी म्हणाली, "हां, सांगा की. तुम्ही तर शिकलेले."

भिमाजीने बाही सरसावली. गोरक्षने कुबडी हातात घेतली. मी घास गिळला, सविताकडे वळलो आणि शांतपणे म्हटलं, "स्कूटरला माझं हेल्मेट अडकवलंय, तेवढं आण. घालूनच सांगतो."